तपासणाऱ्याची परीक्षा

दौंड तालुक्यांतील कासुर्डीहून लोहगांवच्या विमानतळावर आलेला प्रवासी आपली पेटी क्ष-किरण यंत्रांत सरकवितो. तींत शस्त्र आहे कीं नाहीं, हें पडद्यासमोरच्या तपासनिसाला कांहीं क्षणांत ठरवावें लागतें. बहुतेक सर्व पेट्या निर्दोष असतात, आणि खरी अडचण तेथेंच आहे! जें कधींच दिसत नाहीं, तें शोधणारी दृष्टि हळूहळू मंदावते.

१९९९ च्या डिसेंबरांत काठमांडूहून दिल्लीस निघालेलें विमान कंदाहारास पळवून नेलें गेलें. त्यानंतर २००० पासून भारतीय विमानतळांचें रक्षण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊं लागलें. तपासनिसाला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावें लागतें. पण तेवढ्यानें भागत नाहीं. म्हणून कित्येक ठिकाणीं यंत्रच मधूनमधून निरुपद्रवी पेटीच्या चित्रांत पिस्तुलाची खोटी प्रतिमा मिसळतें. कधीं साध्या वेषांतील अधिकारी नकली बाँब घेऊन रांगेंत उभा राहतो. अमेरिकेंत २०१५ सालीं उघडकीस आलेल्या अशा गुप्त परीक्षांत ७० पैकीं ६७ वेळां तपासनीस फसले! आंकडा लाजिरवाणा खरा. पण तो कळला, म्हणूनच त्यांना नव्यानें शिक्षण देण्यांत आलें.

तेव्हां कासुर्डीच्या त्या प्रवाशाला पेटी पुन्हां उघडावयास सांगितली, तर त्यानें रागावूं नये. पाहणाऱ्याचा डोळा जागा आहे, एवढेंच समजावें.