गोळी लग्नाच्या यादीत हवी



मधुमेह म्हणजे काय, हे इथे सांगत बसत नाही. ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मी एकच गोष्ट पटवायला आलो आहे. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस गेल्यावर नव्हे, दिवस जाण्याआधी सुरू करायची असते. मुलीला मधुमेह असेल तर यात हयगय नको.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. पाळी चुकते तेव्हाच त्यातले निम्मे दिवस सरलेले असतात. मग घरातली कुजबुज, मग सोनोग्राफी, मग डॉक्टरांची चिठ्ठी. तोवर जे व्हायचं ते झालेलं असतं. नळी उघडी राहिली तर कण्यात दोष राहतो, कधी कवटीच बनत नाही. त्या दिवसांत आईच्या रक्तात साखर जास्त असेल तर हा धोका वाढतो, हृदयाच्या दोषांचाही. सहाव्या-सातव्या महिन्यात उद्भवणारा मधुमेह वेगळा. तोवर बाळाचे अवयव घडून झालेले असतात. मी बोलतोय ते आधीपासून मधुमेह असलेल्या मुलींबद्दल.

(मागून आवाज : “मगे साखरपुड्याकच साखर तपासूया!” हशा.)

हसा, पण माझं म्हणणं तेच आहे!

ही गोळी म्हणजे परदेशी खूळ, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी माझ्याबरोबर परळला यावं. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर बाया पंडुरोगाने खंगत होत्या, दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिने या बायांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं. ज्यांचं खाणं सर्वांत निकृष्ट, त्यांनाच हा आजार जास्त. तिने उंदरांवर प्रयोग केले, मग माकडांवर. शेवटी गुण आला तो मार्माइटने. बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा हा अर्क, पावाला लावायचा, अगदी स्वस्त. बाया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिने ते मांडलं. गिरणगावात आपल्या कोकणातल्या किती घरांचे संसार होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या अर्कातला अज्ञात घटक पुढे पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. तो प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या लेडर्ली कंपनीच्या संशोधकांचे प्रमुख होते आपले भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव...

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. दशावताराला रात्र देता, ल्युसीबाईंना पाच मिनिटं द्या! (हशा.)

बरं, आवरतो. १९९१ साली सात देशांतल्या चाचणीचा निकाल आला. आधीच्या बाळाला असा दोष असलेल्या आयांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. २००३ साली अटलांटातल्या अभ्यासात मधुमेही आयांचा विचार झाला. गर्भधारणेच्या आसपास जीवनसत्त्वांच्या गोळ्या न घेतलेल्यांच्या बाळांत जन्मदोषांचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या सुमारे चौपट दिसला. घेतलेल्यांत वाढीव धोका दिसला नाही.

चिठ्ठी आली आहे : “आम्ही शेवग्याचा पाला खातो, टायकिळा खातो, गोळी कशाला?” जरूर खा. पण हे जीवनसत्त्व उष्णतेने नासतं आणि उकळून ओतलेल्या पाण्याबरोबर जातं. भाजीतून रोज किती मिळालं, याचा हिशेब लागत नाही. मी भाजीचा वैरी नाही; भाजीच्या जोडीला गोळी हवी, एवढंच म्हणतो. सर्वसाधारण मुलीला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. मधुमेह असलेल्या मुलीला ब्रिटनमध्ये ५ मिलिग्रॅम देतात. हा डोस मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या संशोधनाने बी-१२ कडेही लक्ष वेधलं आहे; शाकाहारी घरांनी तेही तपासावं.

आणि गोळी घेतली म्हणून साखर मोकळी सोडायची नाही. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.५ च्या खाली आणता आलं तर उत्तम. १० च्या वर असेल तर ते उतरेपर्यंत थांबा.

वेळ संपली. शेवटचं, आणि हे आयांना आणि सासवांना. सोयरीक मोडेल म्हणून मुलीची साखर लपवली जाते. लपवलेल्या साखरेची तपासणी होत नाही आणि गोळीही उघडपणे घेता येत नाही. मधुमेह असलेली मुलगी निरोगी बाळाला जन्म देऊ शकते; मात्र तयारी आधी हवी. या वैशाखात ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी दागिन्यांच्या यादीत ही गोळी लिहावी आणि मुलीला लग्नाआधीच डॉक्टरांकडे न्यावं.