बॅटरी उतरली तर

आमचं पिंप्राळा आता जळगाव शहरातच मोडतं, पण पहिला पाऊस झाला की अजून ट्रॅक्टरची आठवण होते. गेल्या वर्षी माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी नेमकी तेव्हाच उतरली. सालदार चाकाजवळ उभा राहून पेचकसाने सेल्फची टोकं जोडणार, एवढ्यात मी ओरडलो. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता! सुरू झाला असता, तर मागचं चाक त्याच्या अंगावरून गेलं असतं.

मग शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणला. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या. ट्रकची २४ व्होल्टची जोडणी इथे चालत नाही. ट्रॅक्टर एकमेकांना टेकू दिले नाहीत. दोन्ही न्यूट्रल, ब्रेक लावलेले, बंद. आता क्रम नीट ऐका. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगलीच्या अधिकला. काळी चांगलीच्या उण्याला. तिचं दुसरं टोक मात्र बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या लोखंडाला. शेवटचा जोड देताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.

शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर काही मिनिटं चालू ठेवला. मग सीटवर बसूनच चावी फिरवली. वायरी उलट क्रमाने काढल्या.

पेचकस अजून माझ्याकडेच आहे. सालदार अधूनमधून मागतो.