वीणेची तार आणि आपलं ताट



आषाढ पौर्णिमा आली. आपल्यातल्या बऱ्याच जणी ती गुरुपौर्णिमा म्हणून पाळतात. बौद्ध भगिनींचा याच दिवसापासून वर्षावास सुरू होतो. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी याच पौर्णिमेला काशीजवळ सारनाथला गौतम बुद्धांनी पहिलं प्रवचन दिलं, असं मानतात. ऐकायला माणसं होती फक्त पाच. त्या प्रवचनात बुद्धांनी आधी सांगितला तो मध्यम मार्ग. आज त्याच्याबद्दलच बोलू. कारण पुढे श्रावण लागतोय, आणि घरात सगळ्यात जास्त उपास कोण धरतं हे मी वेगळं सांगायला नको.

सिद्धार्थ गौतमांनी २९व्या वर्षी घर सोडलं. घरी सुखाला तोटा नव्हता, पण माणसाच्या दुःखाचं उत्तर त्या सुखात सापडेना. मग त्यांनी दुसरं टोक धरलं. सहा वर्षं शोधात गेली. त्यात खाणं कमी करत करत मूठभर कडधान्याच्या पाण्यावर आणलं. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागावा, इतकं शरीर वाळलं, असं जुन्या ग्रंथांत वर्णन आहे. तरी ज्ञान मिळालं नाही.

तेव्हा त्यांना लहानपणचा एक दिवस आठवला. वडिलांच्या शेतात नांगरणी चालली होती आणि ते जांभळाच्या सावलीत शांत बसले होते. तेव्हा मन किती स्थिर झालं होतं! त्यासाठी उपाशी राहावं लागलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, आता अन्न घ्यायचं. उरुवेलेच्या सुजाता नावाच्या बाईने त्यांना खीर दिली, अशी कथा आहे. सोबतचे पाच तपस्वी म्हणाले, हा बिघडला, आणि सोडून गेले. पण नंतर पिंपळाखाली बसून ज्ञान मिळालं ते अन्न खाल्लेल्या माणसाला. आणि सारनाथला पहिलं प्रवचन ऐकायला बसले ते हेच पाच जण.

सोण नावाच्या भिक्षूची गोष्टही अशीच. चालत ध्यान करता करता त्याचे पाय रक्ताळले, तरी मन लागेना. घरी असताना तो वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारलं, तार फार ताणली तर वाजते का? नाही. फार ढिली ठेवली तर? तरीही नाही. मेहनतीचंही तसंच आहे, बाबा.

आता आपलं बघा. एक जण उपासाच्या दिवशी कोऱ्या चहावर खुरपणीला जाते आणि दुपारी बांधावर चक्कर येऊन बसते. दुसरीची एकादशी, दुप्पट खाशी. दोन्हीकडे तार बिघडलेलीच. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सगळ्यांचं वाढून झाल्यावर टोपात उरेल ते खाणं, हाही एक उपासच आहे. त्याला फक्त तिथी नाही. देवाचं व्रत धरायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. पण गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या बाईने, गोळ्या चालू असलेल्या बाईने उपाशी राहू नये.

पैशाचंही तेच. हप्ता चुकू नये म्हणून सगळं दूध डेअरीला घालायचं आणि लेकराला कोरा चहा द्यायचा, हे एक टोक. बारशाला मंडप हवाच म्हणून कर्ज काढायचं, हे दुसरं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. मध्यम म्हणजे अर्धं-अर्धं नव्हे. नवरा रोज मारायचा, आता आठवड्यातून एकदाच मारतो, म्हणून तो मध्यम मार्ग होत नाही. "थोडं सोस, थोडं तो सुधारेल," असं कुणी समजावलं तर तिला सांगा, बुद्धांनी असं सांगितलेलं नाही. त्यांचा मध्यम मार्ग म्हणजे आठ अंगांचा मार्ग: सम्यक दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, व्यायाम, स्मृती आणि समाधी. सम्यक म्हणजे योग्य. कर्मात हिंसेला जागा नाही, वाणीत खोट्याला आणि शिवीगाळीला नाही. आजीविकेत दारू विकण्याला नाही. इथला व्यायाम म्हणजे चांगल्यासाठी केलेला प्रयत्न. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत या अष्टांगिक मार्गाचीही प्रतिज्ञा आहे.

ज्ञानाची वाट लांबची आहे, पण ती ताटापासून सुरू होते. भुकेल्या शरीराला धड विचार सुचत नाही, हे बुद्धांनी स्वतः अनुभवलं. म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की एक काम करा. शेजारी बसलेल्या बाईला विचारा, "काल रात्री तू काय जेवलीस, आणि कुणाबरोबर?" उत्तर ऐका. ती गप्प बसली, तर बैठक संपल्यावर तिच्यासोबत तिच्या घरापर्यंत चालत जा.