धागा तुटत नाही, सुटतो



पत्रिकेवर विषय छापलाय ‘कृत्रिम धाग्यांचं रसायन’. १९३५ साली कॅरोथर्सनं नायलॉन कसं घडवलं, हे तुम्ही शाळेत शिकलात, ते सोडतो. मी बोलणार आहे धाग्याच्या फक्त सालीबद्दल. धाग्याची ताकद सगळे मोजतात. ती शेजारच्या पदार्थाच्या कामी येते की नाही, हे सालीत ठरतं.

टायर घ्या. त्याच्या पोटात दोऱ्यांचे थर असतात, भार ते पेलतात. पूर्वी हा दोरा सुती असे. कापसाचे तंतू आखूड. त्यांची टोकं बाहेर डोकावतात, रबरात रुततात. मग रेयॉन आलं, पाठोपाठ नायलॉन. अखंड, गुळगुळीत तंतू. सुतापेक्षा मजबूत, पण रबर त्यांना धरेना. तोडगा रेयॉनच्या काळातच निघाला होता. ड्यूपॉन्टच्या चार्च आणि डोरोथी मॅनी यांचं १९३८चं पेटंट पाहा: लॅटेक्समध्ये रिसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं रेझिन मिसळा, दोरा त्यात बुडवा, तापवा. रेझिन दोऱ्याला धरतं, लॅटेक्स गंधकाच्या मदतीनं रबराशी जोडलं जातं. लग्न जुळवणारा दोन्ही घरांच्या ओळखीचा लागतो, तसंच. (हशा)

मागून कुणीतरी म्हणालं, ‘म्हणजे गोंदच की!’ नाही हो. गोंद म्हटलं की आपण विचार करायचं थांबतो, म्हणून हा एक प्रसंग सांगतो.

एका कारखान्याच्या तपासणी खोलीत मी उभा होतो. रबराच्या दोन ठोकळ्यांत दोरा पुरून यंत्रानं ओढतात. तिथले जुने कारागीर आकड्याकडे बघतच नसत. उपटलेल्या दोऱ्याचं टोक बघत. टोकाला रबर चिकटून आलं, तर माल चांगला. त्या दिवशी टोक स्वच्छ निघालं. दोरा नुसता ओढून पाहिला, ताकद पूर्वीइतकीच. रंग तोच, वजन तेच. दुपारपर्यंत खल चालला. मग एक जण गोदामात गेला. डिप केलेलं, म्हणजे त्या मिश्रणात बुडवून तापवलेलं, दोऱ्यांचं कापड काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. या गुंडाळ्याचं प्लॅस्टिक फाटलं होतं आणि तो खिडकीपाशी पडून होता. ऊन, दमट हवा आणि हवेतला ओझोन यांनी वरचा थर निकामी केला होता. आत नायलॉन शाबूत! धाग्यात काहीही बिघडलं नव्हतं, आणि तरी त्याचा टायर करता आला नसता.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत म्हणतात. तर, पॉलिएस्टरवर रासायनिक पकड घ्यायला जागा कमी, म्हणून त्याला बहुधा दोनदा बुडवावं लागतं. काचतंतूंना सिलेनचा लेप देतात, कार्बन तंतूंच्या पृष्ठभागाचं विजेनं ऑक्सिडीकरण करतात. याबद्दल प्रश्नोत्तरांत विचारा.

एक मात्र सांगितल्याशिवाय बसणार नाही. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, आणि डिपच्या टाकीजवळ माणसं पाळीपाळीनं काम करतात. कॉन्टिनेंटल आणि कोर्ड्सा या कंपन्यांनी रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड ही दोन्ही रसायनं टाळणारं ‘कोकून’ तंत्र काढलंय. म्हणजे पर्याय आहे. आपल्याकडच्या डिप युनिटांत तो कधी येणार, हे इथं बसलेल्या उद्योजकांनी मला आजच सांगावं. मी थांबतो. (टाळ्या)