ठळक अक्षर

जालना जिल्ह्यांतील कुंभार पिंपळगाव हें गांव घनसावंगी तालुक्यांत आहे. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब हें याच तालुक्यांतलें. समर्थांचा जन्म १६०८ सालचा. देवनागरी खिळ्यांनीं मराठी छापलें जाण्यास त्यानंतर सुमारें दोन शतकें लागलीं. तरी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासांत त्यांनीं लेखनाविषयीं केलेला उपदेश आजच्या मुद्रकानेंहि ध्यानांत धरावा असा आहे. अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें असावें. शाई काळीभोर असावी. आणि तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण तें म्हातारपणीं उपयोगीं पडत नाहीं, असें ते सांगतात. ठळक टाइपाचें सारें प्रयोजन या एका उपदेशांत आलें आहे.

ठळक टाइप म्हणजे केवळ अधिक शाई नव्हे. १८४५ सालीं लंडनच्या रॉबर्ट बेझ्ली यांच्या कारखान्यांतून ‘क्लॅरेंडन’ नांवाचा इंग्रजी टाइप निघाला. जाड अंगाचीं, टोकांना भक्कम पाय असलेलीं हीं अक्षरें कोशांतील मूळ शब्द भोंवतालच्या मजकुरांतून चटकन् उठून दिसावा म्हणून उपयोगांत आलीं. आपल्या अक्षरांना असे पाय नाहींत. तीं शिरोरेघेखालीं लोंबतात, आणि त्यांची जाडबारीक रेघ तिरप्या कापलेल्या बोरूपासून आलेली आहे. ठळक करतांना हें बोरूचें वळण राखावें लागतें.

त्याहून नाजूक गोष्ट अक्षराच्या आंतील पांढऱ्या जागेची. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांना ओळखण्यास शिरोरेघेंतील एका लहानशा फटीचा मोठा आधार असतो. रेघ जाड होऊन ती फट बुजली, कीं ‘धन’ आणि ‘घन’ यांत भेद उरत नाहीं. जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं मुंबईंत खिळे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या काळीं प्रत्येक आकाराचा ठसा पोलादावर निराळा कोरावा लागे, आणि कोरणारा कारागीर ती फट जपूं शकत असे. आज संगणकाला आज्ञा केली, कीं तो सरसकट सर्व रेघा फुगवूं शकतो. फटीची काळजी त्याला नसते.

म्हणून ठळक अक्षर मोठ्या आकारांत, आणि बेतानें वापरावें. मुलांचें पहिलें पुस्तक, वृद्धांच्या हातची पोथी, कोशांतील शब्द, प्रकरणाचें नांव, रस्त्यावरची पाटी, हीं त्याचीं खरीं ठिकाणें. सगळें पानच ठळक केलें, तर कशाकडेच लक्ष जात नाहीं. सभेंत सर्वांनीं एकदम मोठ्यानें बोलावें, तसें तें होतें.

आपल्या घरीं पोथी किंवा लग्नपत्रिका छापून घेण्याचा प्रसंग आला, तर आधीं नमुन्याचा कागद घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणसाच्या हातीं द्यावा. त्यांना ‘घ’ आणि ‘ध’ न अडखळतां वाचतां आले, तर तो टाइप खुशाल पसंत करावा.