आबांच्या दोनशे बैलगाड्या

कुणी एसटीत बसून ऐकत असेल, कुणी भांडी घासता घासता. आजचा भाग जुन्या पहिलवानांवर आहे. म्हणजे आपण रीलमध्ये बघतो त्यांच्यावर नाही, आपल्या आजोबांनी लहानपणी बघितलेल्यांवर. यात माझी एक चूक आहे, ती पण सांगणार आहे.

माझं गाव कराड तालुक्यात आणि आजोळ मिरज तालुक्यात. एक सातारा जिल्हा, एक सांगली. पण १९४९ ते १९६० या काळात सांगलीकडचा जिल्हाही ‘दक्षिण सातारा’च होता. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या गप्पा सारख्याच. ऊस, पाऊस आणि कुस्ती.

आधी आबांचं सांगतो. आबा म्हणजे वडिलांचे वडील. १९५२ साली ते आठ वर्षांचे होते. त्या वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं वैयक्तिक पदक आलं थेट १९९६ साली, लिअँडर पेसचं. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली!

त्या प्रवासाला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्या केल्या आणि इनामाच्या पैशातून ते घर सोडवलं. ही गोष्ट आमच्या भागात रामायणासारखी सांगतात.

तर खाशाबा परत आले तेव्हा त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. आबा ती बघायला गेले होते, चुलत्याच्या खांद्यावर बसून. आमच्या घरात ही गोष्ट मी पन्नास वेळा तरी ऐकली असेल. बैलांची शिंगं रंगवलेली, हलगी कडाडतेय, धुरळा एवढा की शेजारचा माणूस दिसत नाही. आणि शेवटी आबा हात पसरून म्हणायचे, “दोनशे बैलगाड्या होत्या बघ!”

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नवा फोन, नवा जिओ. आबांनी गोष्ट काढली आणि मी लगेच सर्च केलं. सगळ्यांसमोर म्हणालो, “आबा, दोनशे नाही, एकशे एक. हे बघा, लिहिलंय इथं.”

आबा हसले. “मी काय तिथं गाड्या मोजायला कारकून होतो का रं?” सगळे हसले, मी पण हसलो. मग म्हणाले, “असतील बाबा. लिहिलंय म्हणजे तेच खरं असंल.”

त्यानंतर त्यांनी ती गोष्ट माझ्यासमोर परत कधी सांगितली नाही. मला तेव्हा कळलं पण नाही. २०१९ ला आबा गेले. दिवसकार्याला एक चुलत काका म्हणाले, “आबांची ती बैलगाड्यांची गोष्ट कुणी रेकॉर्ड केलीय का?” कुणीच केलेली नव्हती. माझ्या फोनमध्ये आबांचा आवाज आहे अकरा सेकंदांचा. “जेवलास का? बरं, ठेव मग.” एवढाच.

आणि गंमत ऐका. या भागासाठी मी परत वाचायला बसलो. तर गाड्या कुठं एकशे एक लिहिल्यात, कुठं एकशे एक्कावन्न. म्हणजे ज्या आकड्यानं मी आबांना गप्प केलं, तो आकडा सुद्धा पक्का नव्हता.

आता क्रिकेट घ्या. विजय हजारे सांगलीत जन्मले, १९१५ साली. त्यांनी जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला एकाच कसोटीत दोन शतकं केली, ११६ आणि १४५. कुणी आजोबा म्हणाले की दोनशे केल्या, तर स्कोअरकार्ड काढून दाखवता येतं. तिकडं अमेरिकेत बेसबॉलपटूंची छापील कार्डं पोरं जमवायची, म्हातारपणापर्यंत जपून ठेवायची. पण गावच्या जत्रेतल्या कुस्तीचं काय राहतं? तांबड्या मातीत दोघं उतरले, शड्डू ठोकला, हलगी वाजली, एक चितपट झाला. संध्याकाळी मैदान मोकळं. ती कुस्ती राहते फक्त बघणाऱ्याच्या डोक्यात. तो माणूस गेला की कुस्ती पण गेली.

म्हणून गेल्या दिवाळीत मी आजोळी गेलो. आईचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांचे हिरो म्हणजे कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये या दोघांनी मिळून दोन सुवर्ण आणि दोन रौप्य आणली. माने फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकर बरोबर उलटं. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, माने १९६४ चे. एका जिल्ह्यातली दोन माणसं, विचार करा!

या वेळी मी फोन उशीजवळ ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि ठरवलं की मधे बोलायचं नाही. “अण्णा, मारुती मान्यांची कुस्ती बघायला तुम्ही कुणाबरोबर गेला होता?” एवढंच विचारलं.

बावन्न मिनिटं बोलले. एका सायकलवर तिघं गेले होते. चेन पडली म्हणून अर्धा रस्ता चालत. जाताना भाकरी आणि खर्डा. मैदानात जागा नव्हती म्हणून लिंबाच्या झाडावर चढले. कुस्ती कुठल्या डावावर सुटली ते अण्णांनी दोन वेळा सांगितलं आणि दोन्ही वेळा डाव वेगळा होता! एकदा ढाक, एकदा घुटना. मी गप्प बसलो.

मग जरा थांबून म्हणाले, “मी बी तालमीत जात हुतो की.” आईला सुद्धा हे माहीत नव्हतं. सोळा वर्षांचे असताना जत्रेत नारळावरची कुस्ती जिंकले होते. पुढच्या वर्षी वडील आजारी पडले. शेत बघायला घरात दुसरं कुणी नव्हतं, तालीम सुटली. “लंगोट लई दिवस खुंटीला हुता. मग तुझ्या आज्जीनं कधी काढला, कळलं न्हाई.” मारुती मान्यांची कुस्ती ते का बघायला जायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

मंडळी, एक काम करा. तुमच्या फोनमध्ये व्हॉइस रेकॉर्डर आहेच. या रविवारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. “तुमचा आवडता खेळाडू कोण?” असं परीक्षेसारखं विचारू नका. कुणाबरोबर गेला होता, काय खाल्लं, घरी आल्यावर कोण ओरडलं, हे विचारा. आज्जीला पण विचारा. तिला मैदानात नेलं नसेल, तर ती त्या वेळी काय करत होती ते विचारा. आकडे, तारखा नंतर तपासा, नक्की तपासा, पण त्यांच्यासमोर नको. फाइलला नाव आणि तारीख द्या आणि भावंडांना पाठवून ठेवा. फोन हरवतात.

आबांच्या गाड्या किती होत्या, माहीत नाही. आठ वर्षांच्या पोराला खांद्यावरून दोनशे दिसल्या, एवढं मला आता चालतं.

अण्णांची पूर्ण रेकॉर्डिंग पुढच्या भागात ऐकवतो. त्यांना विचारलंय, हो म्हणालेत. फक्त म्हणाले, “खोकल्याचं तेवढं काढून टाक.” मी काढणार नाहीये. भेटू!