शंभर पौंडांचा दावा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या सर्वसाधारण सभेत पंचवीस वर्षं सर्वात जास्त वेळ कशावर गेला असेल, तर तो पार्किंगवर. म्हणून आज पार्किंगचीच गोष्ट सांगतो. घाबरू नका, आपल्या स्टिल्टची नाही, इंग्लंडची. आपल्यापैकी निदान आठ-दहा घरांतली मुलं तिकडे आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

२०१८ साली आम्ही दोघं मुलीकडे गेलो होतो. एका दुकानांच्या आवारात गाडी लावली. तिथल्या मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकून पैसे भरायचे. पाऊस पडत होता. मी गाडीपाशी उभा राहून नंबर ओरडून सांगितला, मुलीनं बटणं दाबली. मी म्हणालो ‘बी’, तिला ऐकू आलं ‘डी’. पैसे भरले, पावती डॅशबोर्डवर ठेवली. आठवड्याभरात जावयांच्या नावे पत्र आलं : शंभर पौंड भरा, चौदा दिवसांत भरलेत तर साठ.

पत्र दिसायला थेट सरकारी दंडासारखं. पण तो दंड नव्हे. नगरपालिकेचा दंड वेगळा. हे खासगी कंपनीचं बिल : तुम्ही आमच्या जागेत गाडी लावलीत म्हणजे पाटीवरच्या अटी मान्य केल्यात आणि त्या मोडल्यात, असं तिचं म्हणणं. कॅमेरा नंबर टिपतो आणि कंपनी अडीच पौंड भरून सरकारी वाहन खात्याकडून मालकाचं नाव-पत्ता घेते.

आता माझी चूक सांगतो. मी बँकेत वसुलीची पत्रं वर्षानुवर्षं लिहिली आहेत. त्या ऐटीत जावयांना म्हणालो, “खासगी पत्र आहे ना? फेका कचऱ्यात.” तिथल्या एका परिचितानंही हेच सांगितलं होतं. तो सल्ला जुना होता. २०१२ च्या कायद्यानं खासगी जागेत गाडीला जॅमर लावणं बंद झालं, पण त्याबरोबरच चालक कोण हे कळलं नाही, तर ठरावीक अटींवर गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडून वसुली करायची मुभाही मिळाली. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बीव्हिस खटल्यात निकाल दिला. चेम्सफर्डला दोन तास मोफत पार्किंग होतं, त्या गृहस्थांना छप्पन्न मिनिटं उशीर झाला. पंच्याऐंशी पौंड आकारणी कोर्टानं योग्य ठरवली. तेव्हा नुसतं ‘रक्कम फार आहे’ म्हणून भागत नाही.

पत्र फेकल्यामुळे कंपनीकडे अपील करायची अठ्ठावीस दिवसांची मुदत गेली, त्यापुढचं मोफत स्वतंत्र अपीलही गेलं. लाल अक्षरांतली वसुली एजंटांची पत्रं आली, रक्कम एकशे साठ झाली. मी भारतात परतलो. आणि एके दिवशी मुलीचा फोन : “बाबा, कोर्टाचा कागद आलाय.”

जावयांचा गृहकर्जाचा अर्ज तेव्हा चालू होता. कोर्टाच्या कागदाला उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल होतो. महिन्याच्या आत सगळे पैसे भरले नाहीत, तर तो सहा वर्षं नोंदीत राहतो आणि बँका ती नोंद बघतात. कर्जाच्या फायलीवर असा शेरा काय करतो, हे मला कुणी सांगायला नको होतं! त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या एका शब्दानं पोरांचं घर जाणार की काय!

उत्तराला मुदत चौदा दिवसांची. ‘दावा पोचला, लढणार आहे’ एवढं आधी कळवलं की अठ्ठावीस मिळतात. ते लगेच कळवलं. मग रोज व्हिडिओवर बसून कैफियत लिहिली. दोन पानं, क्रमवार परिच्छेद, रागाचा एक शब्द नाही. बँक स्टेटमेंट, पावती, पाटीचा फोटो जोडला. आणि कंपनीकडे त्या दिवसाची मशीनची नोंद मागितली.

हे तिथलं ‘स्मॉल क्लेम्स’. आपलं मुंबईचं लघुवाद न्यायालय म्हटलं की घरमालक-भाडेकरू आठवतात, तसं ते नाही. दहा हजार पौंडांपर्यंतचे साधे दावे, वकील लागत नाही आणि हरलात तरी समोरच्याच्या वकिलाची फी सहसा अंगावर येत नाही. (हे इंग्लंड-वेल्सचं झालं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा.)

२०१९ च्या नोव्हेंबरात सुनावणी झाली. तिकडे सकाळचे दहा, इकडे दुपारचे साडेतीन. मी फोन मांडीवर घेऊन बसलो होतो. न्यायाधीशांनी कंपनीच्या वकिलांना एवढंच विचारलं : तुमच्या नोंदीत त्या मिनिटाला ‘डी’ अक्षराच्या गाडीचे पैसे आलेत, पण तशी गाडी कॅमेऱ्यात आली का? आली नव्हती. मग हे पैसे कुणाचे? दावा फेटाळला. जावयांना बुडालेल्या दिवसाच्या पगारापोटी काही रक्कमही मिळाली. कर्ज डिसेंबरात मंजूर झालं.

जाता जाता आपल्या घरचं. स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल मुंबईच्याच एका सोसायटीनं मिळवला. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी. आपल्या कार्यालयात त्याची प्रत असायला हवी, सेक्रेटरींना मी दोनदा सांगितलंय.

कैफियतीची झेरॉक्स माझ्याकडे आहे. कुणाच्या मुलांना असं पत्र आलं तर संध्याकाळी सहानंतर बेल वाजवा. फक्त पत्र फेकायच्या आधी या.